देवाने दिलं, पण जावेच्या हातून दिलं

डिचोली तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय, नाव-गाव देऊ नका म्हणाल्यात म्हणून देत नाही. पत्र सहा पानांचं आहे, पाठपोट लिहिलेलं, सगळं छापता येणार नाही म्हणून थोडक्यात सांगते.

कुटुंब मराठी ख्रिस्ती, सासरे मूळचे सावंतवाडीकडचे. मिस्टरांचा मायनिंगला टिप्पर होता, खाणीवरून जेटीवर ट्रिपा मारायचे, बरे दिवस होते म्हणून २०१२ च्या सुरुवातीला लोन काढून दुसरा घेतला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मायनिंग बंद झालं. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी उठवली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून, परत जरा आशा लागली, तर २०१८ च्या मार्चात पुन्हा सगळं ठप्प. एक टिप्पर बँकेने ओढून नेला, दुसरा भंगाराच्या भावाने गेला. मिस्टर मग एका पिकअपवर ड्रायव्हर म्हणून लागले. गेल्या जुलैत अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, आत रॉड आहे, चार महिने पगार नाही. या चार महिन्यांत घर कसं चाललं तर कोणीतरी उकड्या तांदळाची गोणी आणून ठेवली, कोणी बिल भरलं, आणि मुलीची कॉलेजची फी भरली ती जावेने, जिच्याशी सात वर्षं नीट बोलणं नाही. का नाही तेही ताईंनी प्रामाणिकपणे लिहिलंय, टिप्परचे दिवस होते तेव्हा दिराने घराच्या छपरासाठी पैसे मागितले होते आणि यांनी असून दिले नाहीत.

आता प्रार्थनेला येणाऱ्या एक बाई म्हणतात घरात काहीतरी पाप असणार. पाळकसाहेब म्हणाले देव तुम्हाला लीन करतोय. मिस्टरांनी चर्चला यायचंच सोडलंय. आणि ताई विचारतात, "काकी, देव देतो ते पण असं मोजून-मापून का देतो? आणि द्यायचंच होतं तर जावेच्या हातून का? उपास पडला असता तर कमी लाज वाटली असती."

प्रिय ताई,

तुमचं ते शेवटचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. कारण हे मला माहीत आहे. उपाशी राहणं सोपं असं मी म्हणणार नाही, ते कोणीच म्हणू नये, पण दुसऱ्याने आणलेलं खाताना घास जो घशात अडकतो ना, त्याच्याबद्दल आपल्यात कोणी बोलत नाही. तुम्ही बोललात ते बरं केलंत.

आधी त्या पापाच्या गोष्टीचं मिटवून टाकते कारण त्यात मला जास्त वेळ घालवायचा नाही. बायबलमधल्या ईयोबावर, तो सरळ माणूस असून, संकटांवर संकटं आली तेव्हा त्याचे तीन मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत ते चांगले मित्र होते. तोंड उघडलं आणि बिघडलं, तुझंच काहीतरी चुकलं असणार, देव उगाच कोणाला मारत नाही, अशी पानंच्या पानं भाषणं. आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, म्हणतो तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला लावतो कोणाला, तर ईयोबालाच. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने, तर येशू म्हणतो यानेही नाही आणि आईबापानेही नाही. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले त्यांची गोष्ट आहे, तिथेही येशू विचारतो, ते काय यरुशलेमातल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला? तर ताई, खाणी बंद झाल्या त्या सरकार आणि कोर्टाच्या निर्णयाने, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या कितीतरी टिप्परवाल्यांच्या झाल्या, आणि पाय घसरला तो शेवाळावरून, जुलैत. त्या बाईंना पुढच्या वेळी चहा द्या आणि विषय बदला.

आता पाळकसाहेबांचं. ते चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही, शब्द बायबलचाच आहे, बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे, ज्याने इस्राएली लोकांना मिसरातल्या म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून बाहेर आणलं, तो लोकांना सांगतो की चाळीस वर्षं देवाने तुला रानातून चालवलं ते तुला लीन करायला, तुझी परीक्षा बघायला, तुझ्या मनात काय आहे ते कळायला. पण हे वाक्य इथेच तोडून लोक सांगतात आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं की लीन करणं म्हणजे काढून घेणं, टिप्पर नेला म्हणजे लीन केलं, पाय मोडला म्हणजे लीन केलं. पुढची ओळ वाचा ना. मोशे म्हणतो त्याने तुला लीन केलं, तुझी उपासमार होऊ दिली, आणि तुला मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारी भाकरी, खाऊ घातला जो तुला माहीत नव्हता आणि तुझ्या वाडवडिलांनाही माहीत नव्हता. म्हणजे भूक आणि जेवण दोन्ही एकाच दमात आहेत. लीन करायचं काम नुसत्या भुकेने झालेलं नाही, वाढलेल्या ताटानेही झालंय.

आणि निर्गम पुस्तकाचा सोळावा अध्याय काढलात तर अजून स्पष्ट आहे, देव मोशेला म्हणतो मी आकाशातून भाकरी पाडतो, लोकांनी बाहेर जाऊन रोजच्या रोज लागेल तेवढी गोळा करायची, म्हणजे माझ्या सांगण्याप्रमाणे वागतात की नाही याची मला परीक्षा बघता येईल. नीट बघा, इथे परीक्षा भाकरीची आहे. आपण समजतो संकट ही परीक्षा आणि मदत आली की परीक्षा संपली, पेपर देऊन बाहेर आलो. तिथे तर मदत आली आणि पेपर सुरू झाला.

म्हणून मला वाटतं ताई, की गेले चार महिने तुम्ही ज्याला संकटाच्या वरची अजून एक शिक्षा समजताय, ती गोणी, ते बिल, जावेने भरलेली फी, तिथेच देव तुमच्याजवळ सगळ्यात जास्त आलाय, आणि जवळ आल्यामुळेच ते टोचतंय. हे मी लिहिते ते बसल्या जागी उपदेश म्हणून नाही, माझ्यावर आलेलं सांगते पुढे.

आधी तुमचा प्रश्न, मोजून-मापून का. मान्नाचं माप होतं, माणशी एक ओमर, आपल्या हिशोबात साधारण दोन लिटरचं भांडं भरेल एवढं. कोणी जास्त गोळा केलं कोणी कमी, पण मापून बघितलं तर जास्तवाल्याचं उरलं नाही आणि कमीवाल्याला कमी पडलं नाही. मोशेने सांगितलं होतं सकाळपर्यंत ठेवू नका, काहींनी ठेवलंच, तर किडे पडले आणि घाण वास सुटला. मला त्या लोकांचा राग येत नाही कधीच. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गुलामीत काढल्या, ज्यांना उद्या मालक काय देईल याचा भरवसा नव्हता, ते मडक्याच्या तळाला मूठभर लपवून ठेवणारच. तुम्ही पण लिहिलंय ना की कोणीतरी दिलेल्या पैशांतले पाचशे तुम्ही तांदळाच्या डब्यात खाली घालून ठेवलेत आणि मिस्टरांना सांगितलं नाहीत, आणि आता तुम्हाला ते पाप वाटतंय. ते पाप नाही हो ताई. ती भीती आहे. मान्ना लपवणाऱ्यावर मोशे रागावला हे खरं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या तंबूबाहेरही मान्ना पडलाच होता.

आपल्याकडे पहाटे पदेर, म्हणजे पाववाला, येतो ना सायकलवरून, पों पों करत, मागे टोपलीवर निळं प्लॅस्टिक झाकलेलं. दार उघडायचं, हवे तेवढे उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायचे, चार तर चार, सहा तर सहा. उद्याचे आज कोणी घेऊन ठेवत नाही, उद्याला ते चिवट होतात, आणि तशी गरजही नसते कारण उद्या परत पों पों ऐकू येणारच आहे. माझ्या घरासमोरून गेली कित्येक वर्षं जातो आणि मला एकदाही रात्री झोपताना चिंता वाटली नाही की उद्या पदेर आला नाही तर. प्रभूच्या प्रार्थनेत आपण आजची भाकर आज मागतो, महिन्याचं रेशन मागत नाही, आणि मी ही ओळ लहानपणापासून म्हणत आलेय पण मला ती कळली ती दार उघडून, हातात गरम उंडा घेऊन उभी असताना.

पण लगेच दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कोणीतरी याचा अर्थ असा काढेल की साठवणं म्हणजे अविश्वास. आपण गोव्यात राहतो, इथे मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरल्याशिवाय घर चालत नाही, सुकं बांगडं, सुंगटं, सोलं, मिरच्या, खारातले आंबे, कारण पुढे पाऊस आहे आणि जून-जुलै ट्रॉलर बंद. ते शहाणपण आहे. देवानेच सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवायला सांगितलं होतं आणि ते सातव्या दिवशी नासलं नाही. योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा कोठारात टाकला म्हणून दुष्काळात माणसं जगली. फरक एवढाच की कधी ठेवायचं ते सांगितलेलं होतं आणि ठेवलं ते फक्त आपल्यासाठी नव्हतं. तुमच्या डब्यातले पाचशे असू द्या. मिस्टरांना मात्र सांगा.

आता टिप्परच्या दिवसांबद्दल तुम्ही जे लिहिलंय, की आमच्याकडे तेव्हा रोज मासे असायचे, इसवण असायचा, आणि आता मुलगी विचारते आई आपण तेव्हा श्रीमंत होतो का. गणना पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात रानातले लोक रडायला लागतात, तंबूच्या दारात बसून घरच्या घरं रडतात, आणि काय आठवतं त्यांना, मिसरात फुकट खायचो ते मासे! मग काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. मासे पहिले आहेत यादीत, कुठल्याही गोंयकाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. म्हणतात आता आमचा जीव सुकून गेला, डोळ्यांसमोर या मान्नाशिवाय काही नाही. आणि लगेच पुढे लिहिलंय मान्ना कसा होता, धण्यासारखा बारीक, लोक तो जात्यावर दळायचे नाहीतर उखळात कुटायचे, भांड्यात शिजवायचे, त्याच्या पोळ्या करायचे, ताज्या तेलात केल्यासारखी चव. म्हणजे वाईट नव्हता. रोज तोच होता एवढंच. आणि ते मासे खरंच फुकट होते का? पाठीवर चाबूक होता ना तेव्हा. मला तुमचे ते दिवस वाईट ठरवायचे नाहीत, मिस्टरांनी रात्री-बेरात्री ट्रिपा मारून कमावलेलं होतं ते, पण तुम्हीच लिहिलंय की तेव्हा मिस्टर घरी कधी दिसायचे नाहीत आणि हप्त्याच्या आठवड्यात घरात कोणी कोणाशी धड बोलायचं नाही. आठवण काढायची तर पूर्ण काढा, इसवणाबरोबर हप्ता पण आठवा.

आता जावेचं. इथे मी जरा सावकाश लिहिणार आहे.

एलीया संदेष्टा दुष्काळात करीथ ओहोळाजवळ लपला होता, तेव्हा देवाने त्याला जेवण कोणाबरोबर पाठवलं, तर कावळ्यांबरोबर. सकाळी भाकरी आणि मांस, संध्याकाळी भाकरी आणि मांस. आता लेवीय पुस्तकात अशुद्ध पक्ष्यांची यादी आहे त्यात कावळा आहे, म्हणजे एलीयासारख्या माणसाला जो पक्षी अमंगळ त्याच्या चोचीतून आलेला घास त्याने दिवसातून दोनदा खाल्ला. मग ओहोळ आटला. मग देवाने त्याला पाठवलं सीदोनातल्या सारफथला, परक्यांच्या मुलखात, आणि तिथेही कोणा सावकाराकडे नाही, एका विधवेकडे, जी दोन काटक्या गोळा करत होती आणि जिच्याकडे मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल होतं, ते खाऊन मी आणि माझा पोरगा मरणार असं ती सांगते. तिच्याकडे त्याला मागावं लागलं, आणि आधी माझ्यासाठी लहानशी भाकरी कर असं मागावं लागलं. मला हा प्रसंग नेहमी अवघड वाटतो. एवढा मोठा संदेष्टा, ज्याच्या शब्दाने पाऊस थांबला, तो एका मरायला टेकलेल्या बाईच्या दारात भाकरी मागतोय. मडक्यातलं पीठ सरलं नाही, कुपीतलं तेल आटलं नाही, पण भरून वाहिलं असंही कुठे लिहिलेलं नाही. रोज मडक्यात हात घातला की तळाशी थोडं असायचं, बास.

देव आपल्याला आवडतील अशा हातांनी देईल असं त्याने कुठे कबूल केलेलं नाही ताई.

माझं सांगते. आमचे हे आजारी होते तेव्हा, पुष्कळ वर्षं झाली, मी सकाळ-संध्याकाळ हॉस्पिटलात, घरी दोन मुलं. आमच्या शेजारी एक कुटुंब होतं, पाण्यावरून आमचं भांडण झालेलं, भिंतीवरून मोठमोठ्याने झालेलं, सगळ्या वाड्याने ऐकलेलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर पायरीवर स्टीलचा डबा, तीन खणांचा, भात, वरण, बटाट्याची भाजी. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं, म्हणून कोणाचा ते कळलं. मी तो डबा तसाच परत नेऊन देणार होते, खरंच, उचललाही होता, पण मुलांनी वास घेतला होता.

तो डबा मग रोज येत राहिला आणि मी रोज धुऊन परत करताना त्यात काहीतरी घालायचे, साखर, दोन केळी, एकदा नारळाच्या वड्या रात्री बारा वाजता बसून केल्या. आपल्यात म्हणतातच ना, भांडं रिकामं परत देऊ नये. लोकांना वाटलं असेल काय संस्कार आहेत. पण मला माहीत होतं की मी हिशोब चुकता करत होते. मला तिचं काही अंगावर ठेवायचं नव्हतं. एक दिवस घरात साखर नव्हती, काहीच नव्हतं, दुकानाची उधारी बंद झाली होती, आणि मी तो डबा रिकामा घेऊन तिच्या दारात गेले. तिने हातात घेतला आणि तिला वजनावरून कळलं असणार. काही बोलली नाही. आत नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाली, "उद्या नाचणीची भाकरी दिली तर मुलं खातील ना?" मी हो म्हटलं आणि घरी येऊन दार लावून रडले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तिचं जेवण खाल्लं असं मला वाटतं, त्याआधी मी ते विकत घेत होते.

तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतेय. लीन होणं म्हणजे मी वाईट, मी पापी असं म्हणत बसणं नाही, ते तर आपण अभिमानानेही म्हणू शकतो. रिकामा डबा हातात घेऊन दारात उभं राहता येणं, त्याला मी लीन होणं म्हणते.

आणि हे फक्त गरिबांनी करायचं असतं असंही नाही. येशूचा प्रेषित पौल फिलिप्पै गावच्या मंडळीला तुरुंगातून लिहितो की मी शिकलोय, उपाशी राहायला आणि पोटभर खायला, टंचाईत राहायला आणि भरपूर असताना राहायला. दोन्ही शिकावं लागतं म्हणतो. आणि हाच पौल करिंथ गावच्या मंडळीला यरुशलेमच्या गरजू लोकांसाठी वर्गणी मागतो तेव्हा दाखला कुठला देतो, मान्नाचाच, जास्त गोळा केलेल्याचं उरलं नाही, कमीवाल्याला कमी पडलं नाही. म्हणजे रानात जे माप देवाने स्वतः बरोबर केलं ते मंडळीत आपण एकमेकांत बरोबर करायचं, आज तुझं जास्त आहे ते त्यांच्याकडे, उद्या त्यांचं तुझ्याकडे. तुमच्या जावेकडे आज जास्त आहे. एवढाच त्याचा अर्थ घ्या आधी.

पण ताई, छपराचं राहतंच. तुम्ही विचारलंय की दिराला तेव्हा नाही म्हटलं म्हणून हे सगळं झालं का. नाही, मी वर लिहिलं ते परत लिहिते, त्याच्यामुळे पाय मोडला नाही. पण म्हणून ते नीटच होतं असंही मी म्हणणार नाही, आणि तुम्हालाही तसं वाटत नाही, नाहीतर सहा पानांत तीन वेळा आलं नसतं. अनुवादाच्या त्याच आठव्या अध्यायात मोशेला खरी काळजी रानाची नाहीच, पुढची आहे, तू पोटभर खाशील, चांगली घरं बांधून राहशील, गुरं-मेंढरं वाढतील, सोनंरुपं वाढेल, तेव्हा तुझं मन चढेल आणि तू म्हणशील हे माझ्या हाताच्या जोराने मी मिळवलं. तुम्हीच लिहिलंय, मिस्टर तेव्हा दिराला म्हणाले होते की आम्ही रात्रंदिवस राबून मिळवलंय, तुम्ही पण राबा. ते वाक्य आणि मोशेचं वाक्य जवळपास एकच आहे. भरल्या घराचा पेपर तेव्हा अवघड गेला तुम्हा दोघांना. पुष्कळांना जातो, रिकाम्या घराच्या पेपरापेक्षा जास्त जणांना जातो, फक्त तेव्हा कोणी येऊन सांगत नाही की तुमच्या घरात काहीतरी पाप असणार, कारण तेव्हा सगळे आपल्याकडे जेवायला येत असतात.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नाहीये बहुतेक. जावेला ते छप्पर आठवतच असेल. त्या पावसाळ्यात तिने बादल्या लावल्या असतील घरात. तरी तिने फी भरली, आणि तुम्ही लिहिलंय की पावती मुलीच्या हातात दिली आणि काही बोलली नाही. टोमणा मारायला एवढी चांगली संधी कोणी सोडत नाही ताई. तिचा पण काहीतरी पेपर चाललाय आणि ती तो चांगला सोडवतेय.

मिस्टरांबद्दल. त्यांना चर्चला चला म्हणून मागे लागू नका. रूथच्या पुस्तकात नामी मवाबातून परत येते, दुष्काळ पडला म्हणून नवरा-मुलांसकट परदेशी गेली होती, आपल्या किती घरांतून माणसं गल्फला नाहीतर शिपवर गेलीत तशीच, आणि तिथे नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. बेथलेहेमच्या बायका विचारतात ही नामीच ना, तर ती म्हणते मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कडू म्हणा, मी भरलेली गेले होते आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. बाजूला तिची सून रूथ उभी आहे, जी तिला सोडून जायला तयार नाही, आणि ही म्हणते रिकामी. पण कोणी तिला टोकलं नाही. कोणी म्हणालं नाही की असं बोलू नये, विश्वास ठेव. तिला तसंच घरात घेतलं. मिस्टरांना तसंच असू द्या काही दिवस, रागावू द्या, देवावर रागावले तरी चालेल, ईयोबाने काय कमी सुनावलंय का. तुम्ही बाजूला उभ्या राहा.

आणि एक काम पाळकसाहेबांना माझ्यातर्फे सांगा, वाटलं तर हे कात्रणच दाखवा. त्याच पुस्तकात रूथ बवाजाच्या शेतात पडलेल्या ओंब्या वेचायला जाते, तेव्हा बवाजाने आपल्या माणसांना सांगितलं होतं की पेंढ्यांतल्या काही ओंब्या मुद्दाम खाली टाका, तिला वेचू द्या, तिला धमकावू नका. तो दाणे थेट घरी पाठवू शकला असता, पण तिला वेचायला मिळालं, स्वतःच्या हाताने झोडपून तिने संध्याकाळी एफाभर सातू घरी नेले, म्हणजे मान्नाच्या हिशोबात दहा जणांचं एका दिवसाचं माप. तर मंडळीने मिस्टरांच्या हातात पाकीट देण्यापेक्षा त्यांना बसून करता येईल असं काहीतरी काम बघावं. इतकी वर्षं टिप्पर चालवलेल्या माणसाला गाडीचा आवाज ऐकून बिघाड कळतो, हिशोब कळतो, रस्ते कळतात. कोणाच्या गॅरेजात, कोणाच्या गोडाऊनवर खुर्ची टाकून बसायचं काम असेल. मोडलेल्या पायाने होईल तेवढंच. आणि फिजिओथेरपी अर्धवट सोडू देऊ नका, कितीही कंटाळा आला तरी, पुढची सगळी कमाई त्या पायावर आहे. व्याजाने कोणाकडून उचलू नका, गणपती, नाताळ काहीही येऊ दे, नाताळाला नेवऱ्या कमी केल्या तर प्रभूचा जन्म काही थांबत नाही.

आता जावेकडे जायचं. लवकर जा, या रविवारीच जा, दुपारचं ऊन उतरल्यावर. मिस्टर आले तर बरं, नाही आले तर एकट्या जा. छपराचं एकदाच बोला, सरळ, तेव्हा आमच्याकडे होतं आणि आम्ही दिलं नाही, ते चुकलं. कारणं देऊ नका, लोन होतं, हप्ते होते, ते तिला माहीत आहे. फीचे पैसे कधी परत देणार ते त्या दिवशी काढू नका, ते नंतर, पाय बरा झाल्यावर, आणि ती घेणार नाही म्हणाली तर भांडू नका. आणि ताई, जाताना हातात काही नेऊ नका. केळी नको, बिस्किटं नको, परसातली दोन तवशी पण नको. मला माहीत आहे रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जायची आपल्याला सवय नाही, फाटकापाशी पोचेपर्यंत तुम्हाला दहा वेळा वाटेल की निदान दुकानातून काहीतरी घ्यावं. नका घेऊ. तशाच जा. ती चहा विचारेल, हो म्हणा, आणि सावकाश प्या.

तुमची,
काकी